एकशे त्रेचाळीसचा आकडा

मेघना रणपिसे माझी विद्यार्थिनी. मी डोंबिवलीत राहतो. ऑटोमोबाईलच्या डिप्लोमाच्या मुलांना इंजिन शिकवण्यात माझी सव्वीस वर्षं गेली. साठ जणांच्या वर्गात मुली दोन, फार तर तीन असायच्या. त्यांतल्या बऱ्याचशा पुढे बँकेच्या परीक्षा देऊन मोकळ्या झाल्या. मेघना लक्षात राहिली ती तिच्या एका प्रश्नामुळे. पहिल्याच महिन्यात मी फळ्यावर कुठल्याशा गाडीची हॉर्सपॉवर लिहिली, तर मागच्या बाकावरून आवाज आला, "सर, ही कुठे मोजलेली? इंजिनवर की चाकावर?"

असं विचारणारं त्याआधी कोणी भेटलं नव्हतं. नंतर कळलं, तिचे वडील धोंडिबा कल्याणच्या डिझेल लोको शेडमध्ये फिटर होते. दुरुस्त झालेलं रेल्वे इंजिन जागच्या जागी पूर्ण जोर लावून चालवायचं, त्यातून निघणारी वीज तारेच्या मोठाल्या जाळ्या तापवण्यात संपवून टाकायची आणि त्यावरून इंजिनात किती दम आहे ते वाचायचं, हे त्यांचं रोजचं काम. घरी जेवताना ते बायकोला, केशरबाईंना, भाजीचा भाव सांगावा तसं सांगायचे, "आज एक इंजिन दोनशे हॉर्सपॉवरनं कमी भरलं." मेघना हे ऐकत मोठी झाली.

डिप्लोमा चांगल्या मार्कांनी झाला, पण नोकरी मनासारखी मिळेना. जो तो म्हणे, मुलगी गाडीखाली कशी झोपणार. शेवटी एका शोरूममध्ये गिऱ्हाइकांच्या तक्रारी लिहून घेण्याच्या कामावर ती लागली आणि सहा वर्षं तिथेच राहिली. मधून मधून फोन करायची. "सर, मी इंजिनाचं झाकण उघडलेलं शेवटचं कधी पाहिलं ते आठवत नाही," असं एकदा म्हणाली होती. तेव्हा ती आईवडिलांबरोबर ठाण्यापलीकडच्या दिव्याला राहायला गेली होती. सकाळी पाणी यायचं तेव्हाच यायचं, ते भरून झाल्याशिवाय घरातून निघता यायचं नाही, आणि उशीर झाला की शोरूममध्ये बोलणी खायची.

मग विनीत कारखानीस भेटला. ठाण्यात कोलशेतला त्याच्या वडिलांचा छपाईच्या शाईचा कारखाना होता, तो बंद पडून शेड रिकामी होती. विनीतला गाड्यांचं वेड. त्याने तिथे वर्कशॉप काढलं आणि एक डायनो बसवला. डायनो म्हणजे जमिनीत बसवलेले दोन जाड रूळ. गाडीची मागची चाकं त्यांवर चढवायची, गाडी पट्ट्यांनी बांधून टाकायची आणि जोरात चालवायची. गाडी जागेवरच राहते, रूळ फिरतात आणि चाकांपर्यंत खरी किती ताकद पोचली ते पडद्यावर दिसतं. हे यंत्र सांभाळायला त्याला माणूस हवं होतं. मुलाखतीत मेघनाने विचारलं, "याचं कॅलिब्रेशन किती दिवसांनी करता?" यंत्र बरोबर मोजतं का याच्या तपासणीचा विनीतने विचारच केला नव्हता, आणि नोकरी मेघनाला मिळाली.

तिथे ती चार वर्षं रमली. आकडा कमी आला की गिऱ्हाईक रागवायचं, जास्त आला की पेढे आणायचं. मेघना दोन्ही वेळा आकड्याचा कागद त्याच शांतपणे पुढे करायची.

मागच्या जानेवारीत जुन्या गाड्यांच्या हौशी मालकांनी एका रविवारी सकाळी विनीतकडे चार गाड्या आणायचं ठरवलं. चारही नव्वदच्या दशकातल्या, आपापल्या काळात एकमेकींच्या प्रतिस्पर्धी. टोयोटा सुप्रा, निसान ३०० झेडएक्स, पोर्शे ९६८ आणि माझदा आरएक्स-७. मासिकांतून या गाड्यांची तुलना लोकांनी वर्षानुवर्षं वाचलेली. इथे मात्र चारही एकाच दिवशी, एकाच रुळांवर चढणार होत्या.

आरएक्स-७ होती शेजारच्या बाळकुम गावच्या साईनाथ भोईर यांची. वय अडुसष्ट. तरुणपणी सिंगापूरच्या गोदीत जहाजदुरुस्तीचं काम केलं आणि परत येताना ही लाल गाडी घेऊन आले. गावची भातशेती जाऊन तिथे टॉवर उभे राहिले, गावकऱ्यांकडे मोठमोठ्या गाड्या आल्या, पण साईनाथकाकांनी आपली सोडली नाही. तिचं इंजिन जगावेगळं. त्यात वरखाली होणारे पिस्टन नाहीत. त्याऐवजी तिकोनी रोटर एका लंबगोल पोकळीत गरागरा फिरतात. असे दोन रोटर आणि त्यांना हवा दाबून पुरवणारे दोन टर्बो. कंपनीचा आकडा २५५ हॉर्सपॉवर. सुप्रा आणि निसानचा जपानमधला आकडा २८०, पोर्शेचा २४०.

हे आकडे इंजिनावर मोजलेले असतात. चाकांपर्यंत पोचेस्तोवर गिअरबॉक्स आणि अ‍ॅक्सल त्यातला काही भाग खातात. साधारण पंधरा टक्के जातात असं धरायचं. सुप्रा २३८ भरली. निसान २३१. पोर्शे २०३. सगळे खूश. मग आरएक्स-७ चढवली. ती २१५च्या आसपास यायला हवी होती.

पडद्यावर आकडा आला १४३.

मेघनाने पुन्हा चालवली. १४१. तिसऱ्यांदा १४३. शेडमध्ये पन्नासेक माणसं होती, कोणीतरी हसलं. एक जण म्हणाला, "रोटरी गेली. यांचे सील उडतातच." साईनाथकाकांनी पट्टे सोडायला हात लावला आणि गाडी घेऊन निघून गेले. संध्याकाळपर्यंत त्या पडद्याचा व्हिडिओ मोबाईलवरून सगळीकडे फिरला.

सोमवारी मेघनाचा मला फोन आला. आवाज नेहमीचा नव्हता.

"सर, मशीनच चुकलं असेल का?"

"बाकी तिघींचे आकडे तर बरोबर वाटतात."

"तेच ना. पण काकांचा पुतण्या धनेश सगळीकडे सांगतोय की डायनो खोटा आहे. विनीतदादाला दोन गिऱ्हाइकांचे फोन आले. कॅलिब्रेशन मीच केलेलं, आठ दिवसांपूर्वी. आता मला वाटायला लागलंय की माझंच काही राहिलं. तसं असेल तर चार वर्षांत मी दिलेला एकही कागद खरा नाही."

"मग पुन्हा कर. मी येतो."

बुधवारी मी कोलशेतला गेलो. तिने रुळाच्या ब्रेकला लोखंडी दांडा जोडला होता. त्याच्या टोकाला माहीत असलेली वजनं टांगायची आणि यंत्र तेवढंच दाखवतं का ते पाहायचं, अशी ही तपासणी. तिने वीस किलोचं पहिलं वजन टांगलं. मी पडद्यापाशी उभा राहून आकडे मोठ्याने वाचत होतो, ती कागदावर लिहीत होती. वीस, चाळीस, साठ, ऐंशी, शंभर. मग तसंच उलट्या क्रमाने उतरवत शून्यापर्यंत. कुठेही अर्ध्या टक्क्याचासुद्धा फरक नव्हता.

तिने पेन ठेवलं आणि ऑईलच्या रिकाम्या पिंपावर बसली. मग म्हणाली, "सर, चहा घेणार? मी रविवारपासून नीट प्यायलेले नाही."

आम्ही चहा पीत असताना विनीत आला. माणूस चांगला, पण घाबरलेला. त्याने कागद पाहिला, मान डोलावली आणि जरा घुटमळत म्हणाला, "मेघना, मशीन बरोबर आहे हे कळलं. पण लोकांना कोण समजावणार? एक करू. सॉफ्टवेअरमध्ये हवामानाप्रमाणे आकडा दुरुस्त करणारा तो गुणक आहे ना, तो या एका गाडीपुरता वाढवू. दोनशेच्या आसपास आकडा येऊ दे. काकांचं समाधान, आपली सुटका."

"बाकी तिघींचं काय करायचं? त्यांचाही वाढवायचा?"

"त्यांना कुठे कळणार आहे?"

"दादा, काका परत घरी जाऊन तीच गाडी चालवणार. तिच्यात काही बिघडलं असेल तर ते तसंच राहील, आणि कागद माझ्या सहीचा असेल." ती अजिबात आवाज न चढवता बोलत होती. "मला नाही जमणार. तुम्हाला हवं तर दुसरं कोणी बसवा मशीनवर."

विनीतने कागद खाली ठेवला आणि म्हणाला, "ठीक आहे, राहू दे. माझंच डोकं फिरलंय." आणि खरं सांगायचं तर त्याच्याही चेहऱ्यावर बरं वाटल्यासारखंच दिसलं.

आता प्रश्न उरला गाडीचा. मेघनाने साईनाथकाकांना फोन लावला आणि गाडी परत आणायची विनंती केली. काका आले, सोबत धनेश. तो आल्या आल्या म्हणाला, "काय उपयोग नाय आता. घोडबंदर रोडला आपलं हॉटेल आहे ना, त्याच्या दारात लावतोय गाडी. चौथरा बांधून झालाय. शुक्रवारी क्रेन येणार, इंजिन काढून टाकणार. फोटो काढायला लोक येतील."

काकांनी पुतण्याकडे पाहिलंसुद्धा नाही. ते मेघनाला म्हणाले, "पोरी, मना खरं सांग. मेली का गारी?"

"मला अजून माहीत नाही, काका. दोन तास द्या."

"दोन तासांत काय होतंय?" धनेश म्हणाला.

"सील गेले असतील तर दोन तासांत कळेल. गेले नसतील तरी कळेल."

रोटरी इंजिनाच्या तपासणीत एक खोच आहे. रोटरला तीन बाजू असतात आणि तीन टोकांना दाब अडवून धरणारे, पट्ट्यांसारखे सील. दाब मोजायचा साधा गेज लावला तर तो तिन्हींतला फक्त सगळ्यात चांगला दाब दाखवतो. दोन बाजू मेल्या असल्या तरी कळत नाही. त्यासाठी गेजमधली झडप काढून टाकायची, इंजिन नुसतं स्टार्टरवर फिरवायचं आणि काटा कसा उडतो ते पाहायचं, हवा कशी फुसफुसते ते ऐकायचं. तिन्ही बाजू धडधाकट असतील तर तीन एकसारखे फुसकारे येतात. एक गेली असेल तर मध्ये खड्डा पडल्यासारखं वाटतं. मेघनाने हे पुस्तकात वाचलं होतं. प्रत्यक्ष कधी केलं नव्हतं. मीही नाही.

तिने सगळ्यांना गप्प राहायला सांगितलं. शेडमधला कॉम्प्रेसर बंद केला, पंखे बंद केले. पुढच्या रोटरचा स्पार्क प्लग काढून गेज लावला. काका आत बसले आणि त्यांनी चावी फिरवली.

फुस्, फुस्, फुस्. फुस्, फुस्, फुस्.

काटा तिन्ही वेळा त्याच उंचीला जात होता. मी डोळे मिटून ऐकलं. कुठे खड्डा नव्हता. मग मागचा रोटर. मेघनाने गेज हलवला, काकांनी पुन्हा चावी फिरवली. पुन्हा तसेच तीन, एकसारखे. तिने तीन वेळा करून पाहिलं, मग वर बघून म्हणाली, "काका, इंजिन जिवंत आहे. सहाच्या सहा बाजू ठीक आहेत."

साईनाथकाका गाडीतून उतरले नाहीत. स्टिअरिंगवर दोन्ही हात ठेवून बसून राहिले. डोळे पुसायला त्यांनी खिशातून रुमाल काढला, मग रुमालाने काचच पुसली. धनेशने फोन काढला आणि बाहेर जाऊन क्रेनवाल्याला शुक्रवारी येऊ नको म्हणून सांगितलं. तो वाईट मुलगा नव्हता. गाडी मेली असेल तर निदान डोळ्यांसमोर तरी राहावी, एवढंच त्याच्या मनात होतं.

"पण मग आकडा कमी का?" विनीतने विचारलं.

मेघनाने रविवारचा आलेख पडद्यावर काढला. तोपर्यंत सगळ्यांनी फक्त शेवटचा आकडा पाहिला होता. तिने रेषेवर बोट ठेवलं. मिनिटाला साडेचार हजार फेऱ्यांपर्यंत रेष छान चढत होती आणि तिथून पुढे खाली घसरत होती.

"या गाडीत दोन टर्बो आहेत, पण दोन्ही एकदम चालत नाहीत. साडेचार हजारापर्यंत एकटा पहिला काम करतो. तिथे दुसरा येऊन मिळतो. आपल्या गाडीत तो येतच नाहीये." मग ती काकांकडे वळली. "काका, गाडी जोरात शेवटची कधी चालवली?"

काकांनी आठवून पाहिलं. "शालन गेली तवापासून नाय. आम्ही दोघा जायचो नाशिककडं. नऊ वरसं झाली. आता बाळकुमातून बाजारात न् परत."

म्हणजे बायको गेल्यापासून नऊ वर्षं ही गाडी साडेचार हजार फेऱ्यांच्या वर गेलीच नव्हती. दुसरा टर्बो कधी बंद पडला ते कळायला वावच नव्हता.

त्या टर्बोला हुकूम देणाऱ्या झडपा हवेच्या ओढीवर चालतात, आणि ती ओढ पोचवायला पेन्सिलीएवढ्या बारीक रबरी नळ्यांचं जाळं असतं. साठ-सत्तर नळ्या, इंजिनाच्या डोक्यावर एकीखाली एक. मेघनाने हवा ओढून धरणारा हातपंप घेऊन एकेक नळी तपासायला सुरुवात केली. गुरुवार गेला, शुक्रवार गेला. शनिवारी दुपारी पंचावन्नाव्या की छप्पन्नाव्या नळीला पंपाचा काटा टिकेना. तिने ती ओढून काढली. वरून धड होती. उलटी केल्यावर खालच्या बाजूला नखाएवढी चीर दिसली. तीस वर्षांच्या उष्णतेने रबर बिस्किटासारखं कडक झालं होतं.

ती एकच बदलून भागलं असतं, पण तिने सगळ्याच नळ्या सिलिकॉनच्या घातल्या. त्याला बारा दिवस लागले. त्या बारा दिवसांत साईनाथकाका रोज अकराला येत, घरून डब्यात तांदळाची भाकरी आणि सुक्या जवळ्याची चटणी आणत आणि मेघना जेवेपर्यंत हलत नसत. एक दिवस धोंडिबाही आले. निवृत्त होऊन त्यांना सात वर्षं झाली होती. लेक नेमकं काय करते ते त्यांनी कधी प्रत्यक्ष पाहिलं नव्हतं. त्यांनी रूळ पाहिले, वजनांचा दांडा पाहिला, कॅलिब्रेशनचा कागद चष्मा लावून वाचला आणि विनीतला म्हणाले, "आमच्याकडं सायेब तपासायचे, मग आम्ही सही करायचो. हिच्यावर सायेब कोण आहे?"

"कोणी नाही," विनीत म्हणाला. "तीच आहे."

म्हाताऱ्याने मान हलवली. दिव्याला परत जाताना रिक्षात त्यांनी ही गोष्ट रिक्षावाल्याला सांगितली असं मेघनानेच मला हसत सांगितलं.

फेब्रुवारीच्या पहिल्या रविवारी गाडी पुन्हा रुळांवर चढली. बाकी तिघींचे मालकही आले होते, कोणी बोलावलं नसताना. मेघनाने कानांवर आवाज अडवणारे मफ बसवले आणि गाडीत बसली. तीन हजार, चार हजार. साडेचार हजारावर आवाज क्षणभर मंदावला आणि मग मागून कोणीतरी ढकलावं तशी सुई वर गेली. गाडी सात हजारापर्यंत किंचाळत चढली.

२१२.

शेडमध्ये टाळ्या झाल्या. सुप्राचा मालक काकांपाशी येऊन म्हणाला, "काका, अभिनंदन. पण अजून आम्ही सव्वीसने पुढे." तो चेष्टेने म्हणाला होता, काकाही हसले.

मेघना मात्र चौघींचे आकडे लिहिलेल्या तक्त्याकडे बघत होती. "वजन कोणी केलंय का?" तिने विचारलं. "नुसती ताकद बघून काय कळणार? ती किती ओढायचीये ते नको का?"

ट्रक तोलायचा वजनकाटा तिथून हाकेच्या अंतरावर होता. चारही गाड्या ओळीने तिकडे निघाल्या. काटेवाल्याने आयुष्यात असलं गिऱ्हाईक पाहिलं नव्हतं. तो प्रत्येक चिठ्ठीवर 'माल' या रकान्यात काय लिहू म्हणून विचारत होता. सुप्रा १५१० किलो भरली, निसान १५२०, पोर्शे १३७०. आरएक्स-७ भरली १२६०.

मेघनाने तिथेच बॉनेटवर कागद ठेवून भागाकार केले. टनामागे हॉर्सपॉवर निघाली ती पोर्शे १४८, निसान १५२, सुप्रा १५८. आणि आरएक्स-७, १६८.

सुप्राच्या मालकाने कागद हातात घेऊन हिशेब पुन्हा केला. मग खांदे उडवून काकांशी हात मिळवला. तीस वर्षांपूर्वीच्या मासिकांत ही गाडी कमी ताकदीची असूनही मोठ्या ताकदवाल्यांना दमवते असं का लिहीत असत, ते मला त्या वजनकाट्यावर उन्हात उभं राहून नीट कळलं. वर्गात मी हे सूत्र सव्वीस वर्षं लिहीत आलो होतो.

काकांना आकड्यांत फारसा रस नव्हता. ते मेघनाला म्हणाले, "चल, बस. तुना फिरवून आणतो."

"काका, मला अजून कागद बनवायचेत."

"कागद कुठं पलतात का? बस."

ती बसली. घोडबंदर रोडला रविवारी दुपारी जेवढा मोकळा रस्ता मिळतो तेवढ्यावर ते जाऊन आले. उतरली तेव्हा केस विस्कटले होते आणि ती नुसती हसत होती. विचारलं तर म्हणाली, "सर, साडेचार हजाराला कळतं हो. पाठीलाच कळतं."

विनीतने नवा तक्ता मोठा छापून शेडच्या दारावर लावला, त्यात वजनाचा रकाना घातला, आणि १४३चा पहिला आकडाही तसाच ठेवला, खाली कारण लिहून. त्या एका ओळीमुळे गिऱ्हाइकं वाढली असं तो म्हणतो. आता तिथे नियम झालाय की आलेख समजावून सांगितल्याशिवाय मेघना कोणाला आकडा देत नाही. मे महिन्यापासून तिच्या हाताखाली आमच्याच कॉलेजची एक मुलगी आली आहे, अक्षदा नावाची, आणि दर सोमवारी वजनं टांगायचं काम आता तिच्याकडे आहे.

धनेशच्या हॉटेलासमोर चौथरा अजून रिकामाच आहे. त्याने त्यावर कुंड्या मांडल्यात. परवा मी तिकडून जात होतो तेव्हा लाल गाडी खाली पार्किंगमध्ये उभी होती. साईनाथकाका आत मिसळ खात होते. मला पाहून त्यांनी हात केला आणि शेजारची खुर्ची ओढली.